साग की मलबार नीम? खानापूर-बेळगावच्या माळासाठी

खानापूर तालुक्यात किंवा बेळगावच्या पश्चिम पट्ट्यात दोन-तीन एकर माळ पडून, पोरं पुण्याला नाहीतर गोव्याला, भातकापणीला माणसं मिळत नाहीत. अशा घरात झाडं लावायचा विषय निघतोच. पहिलं नाव सागाचं येतं, दुसरं हेब्बेवुचं, म्हणजे मलबार नीमचं.

सागाला गिऱ्हाईक मिळेल का, ही काळजी नको. म्यानमारने 2014 पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली, तरी आपल्या देशात आफ्रिकेतून आणि लॅटिन अमेरिकेतून सागाचे ओंडके येतच आहेत, इतकी मागणी आहे. काळजी वर्षांची आहे. शेतातला साग विकण्याजोगा व्हायला 20-25 वर्षं लागतात. तेव्हाही आतला तपकिरी गाभा कमी आणि बाहेरचं पांढरं लाकूड जास्त असतं, आणि त्या पांढऱ्यालाच वाळवी लागते. सरकारी लागवडीत साग 50-60 वर्षं उभा ठेवतात तो उगाच नव्हे. 1990 च्या दशकात साग लागवडीच्या योजनांत किती जणांचे पैसे अडकले ते आठवावं आणि ‘एकरी कोटी’ सांगणाऱ्या रोपविक्यांना चहा पाजून वाटेला लावावं.

सागाची जमेची बाजू म्हणजे त्याची राखण कमी. गुरं पानाला तोंड लावत नाहीत, दोन पावसाळे निघाले की पाणी लागत नाही, तोडल्यावर बुंध्याला पुन्हा फुटवे येतात. मात्र जमीन खोल आणि निचऱ्याची हवी. हातभर खणल्यावर जांभ्याचा कातळ लागत असेल, तर तिथे तो खुरटाच राहणार.

मलबार नीम 6 ते 8 वर्षांत प्लायवुडसाठी तोडता येतो. 10 बाय 10 फुटांवर लावला तर एकरी सव्वाचारशेच्या आसपास झाडं बसतात. पण हे झाड कष्ट मागतं. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी, बाजूच्या फांद्यांची वेळेवर छाटणी आणि शेळ्यांपासून कुंपण, यातलं एक चुकलं तरी खोड सरळ येत नाही. वाकड्या खोडाला कारखाना प्लायवुडचा भाव देत नाही, ते जळणातच जातं. दर घेरावर ठरतो. म्हणून रोपं आणण्याआधीच लाकूड कोण घेतो, किती घेराचं घेतो आणि गाडीभाडं कोणाच्या अंगावर, हे विचारून घ्यावं.

कागदपत्रांत दोघांत फरक आहे, आणि बहुतेकांना तो तोडणीच्या वेळी कळतो. खासगी जमिनीतला साग तोडायलाही कर्नाटकाच्या 1976 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली अरण्य खात्याची परवानगी लागते, वाहतुकीचा पास वेगळा. चंदगड किंवा गोव्याकडे माल न्यायचा तर सीमा ओलांडायची, तिथे पास चोख असावा. लावल्या वर्षीच झाडांची नोंद पहाणीत, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारख्या उताऱ्यात, करून घ्या. वीस वर्षांनी भावकीत वाटणी झाली की झाड कुणाचं यावर बोलणी वाढतात. मलबार नीमचे नियम वेगळे, तेही अरण्य खात्याच्या रेंज ऑफिसात आधीच विचारावेत.

कृषी अरण्य प्रोत्साह योजनेत अरण्य खातं सवलतीत रोपं देतं आणि जगलेल्या रोपामागे तीन वर्षांत मिळून 125 रुपये. श्रीमंती त्याने येत नाही, पण खड्डे आणि खताचा खर्च बराच निघतो.

बांबूला 2017 पासून बिगर-जंगल जमिनीत वृक्षाच्या व्याख्येतून वगळलंय, त्यामुळे तोडणी सोपी झाली. पण दांडेलीकडून हत्ती उतरतात अशा गावांत तो लावणं म्हणजे पंगत मांडणं. निलगिरीचा विचार सोडा. नव्या लागवडीवर कर्नाटकात 2017 मध्येच बंदी आली. चंदनाला रात्रीचा पहारा ठेवायची तयारी असेल तरच हात घालावा.

माझ्या हिशेबाने सगळी जमीन एकाच झाडाखाली घालू नये. ज्याला सहा-सात वर्षांत मुलीचं लग्न किंवा घर बांधायचंय आणि विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं, त्याने एक एकरात मलबार नीम लावावा. पहिली दोन वर्षं मधल्या पट्ट्यांत भुईमूग किंवा नाचणी निघते. पाणी नाही, घाईही नाही, त्याने साग बांधावर लावावा, आठ-दहा फुटांवर एक. शेजाऱ्याच्या उसावर सावली पडेल तो बांध मात्र आधी त्याला विचारून.