कोंबड्यांच्या परसात विषारी तण उपटायला घेतलेलं लांब दांड्याचं हत्यार – दोन पावसाळे वापरून

मी ऑर्डर करताना कोंबड्या पाळणाऱ्या कुणाचाच रिव्ह्यू सापडला नाही म्हणून सविस्तर लिहितेय. आमचं घर पुरंदर तालुक्यात, परसात १८ गावरान कोंबड्या, दिवसभर मोकळ्या हिंडतात आणि दिवे लागणीला खुराड्यात येतात. दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात अंड्यावरची एक कोंबडी पाय ओढायला लागली आणि दोन दिवसात गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी खाद्यपिशवी उघडली तर आत कासुंद्याच्या विषारी बिया. कुंपणाला वाळलेल्या शेंगा फुटून खाली सडा पडला होता आणि त्या आठवड्यात लग्नाच्या गडबडीत आमच्याकडून दाणे एकवेळच पडत होते. पोट भरलेली कोंबडी सहसा असलं खात नाही, उपाशी असली की मात्र दिसेल ते टिपते. फार जीव तुटला तेव्हा.

मग परस नीट बघितलं तर धोतरा, पिवळा धोतरा, एरंडाची रोपं, टाकळा, सगळं होतं. टाकळा कोवळा असताना आपण भाजी करतो पण बिया कोंबड्यांना चालत नाहीत. तणनाशक मार असं चार जणांनी सांगितलं, मला ते पटलंच नाही कारण कोंबडी तिथलंच गवत खाते, तिथलीच माती उकरते. शिवाय ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं असा सरकारी आदेश ऑक्टोबर २०२२ मध्ये निघाला होता, आणि पॅराक्वाट या दुसऱ्या तणनाशकाच्या विषावर तर उताराच नाही. कुणी मिठाचं पाणी ओत म्हणालं, तेही नको, जास्त मीठ पोटात गेलं तर कोंबड्या मरतात.

तर हे हत्यार. कमरेएवढा दांडा, खाली चार स्टीलचे दात, बाजूला पाय द्यायची पट्टी. दात झाडाच्या बुडाशी रोवायचे, पायाने दाबायचं, दांडा मागे कलवला की मुळासकट झाड वर. मला १,४०० ला पडलं. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जे काम होतं ना, खरंच सुख आहे, धोतरा गाजरासारखा अख्खा निघतो, कंबर दुखत नाही. सोटमूळवाल्या तणाला एक नंबर. हरळी आणि लव्हाळ्याला काही उपयोग नाही, पण ते विषारी नाहीत, राहू देत, कोंबड्या हरळी आवडीने खातात. आणि प्रत्येक खड्ड्यापाशी सगळ्या धावत येतात, हुमणी निघाली की पळापळ!

वाईट म्हणजे काळी चिकण माती दातांत गच्च बसते आणि उपटलेलं झाड दातांतून बाहेर ढकलायची स्प्रिंग अडकते, दर पाच-सहा झाडांनी काडीने साफ करावं लागतं. पायपट्टीचा बोल्ट दुसऱ्याच महिन्यात सैल झाला, गावातल्या वेल्डिंगवाल्याने ४० रुपयात पक्का करून दिला, तेव्हापासून हललेला नाही.

गाजर गवतासाठी हातमोजे आणि पूर्ण बाह्या पाहिजेतच, हत्यार असलं तरी झाड हातात घ्यावंच लागतं आणि कातडीला खाज सुटते ती जात नाही. १९५५ च्या सुमारास हे गवत आपल्या पुण्यात दिसलं आणि आता देशभर झालंय, एकेका झाडाला हजारो बिया, म्हणून फुलायच्या आधीच काढा. उपटलेलं काहीच परसात वाळत टाकू नका, धोतऱ्याचं बोंड पडल्या पडल्या पिकून फुटतं आणि शेकडो बिया तिथेच. मी बोंडं, शेंगा आधी पोत्यात भरते आणि खोल खड्ड्यात पुरते. फरशीच्या फटीतल्या रोपांवर कोंबड्या कोंडून असताना उकळतं पाणी ओतते.

माझ्याकडून ४ स्टार. एक स्टार त्या स्प्रिंगचा कापला. मुरमाड जमीन असेल तर घेऊ नका, माहेरी नेऊन बघितलं, दात आत जातच नाहीत, तिथे आईचं खुरपंच बरं.