दुसऱ्याने परत केलेली मशीन आमच्या घरी नवी म्हणून आली

दसऱ्याच्या गर्दीत सांगलीतल्या एका मोठ्या दुकानाने माझ्या आईला कुणीतरी आधी वापरून परत केलेली वॉशिंग मशीन नवी म्हणून विकली. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. नावापेक्षा त्यांची पद्धत समजून घेणं जास्त गरजेचं आहे, कारण हेच फ्रिजच्या, टीव्हीच्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या बाबतीतही सहज करता येतं. दिवाळी, पाडवा, अक्षय्य तृतीया, प्रत्येक सणाला लोक घासाघीस करून, पै-पै साठवून अशा वस्तू घेतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आई-अण्णा तासगावला असतात. आईचे गुडघे गेलेत, तिला बसून धुणं धुणं होत नाही. मी सांगलीत नोकरीला, म्हणून खरेदी इथूनच करायची ठरली. टॉप लोडची, फुल्ली ऑटोमॅटिक, 18,500 रुपयांची मशीन ठरली. पैसे देताना काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर मोबाईलवर दुकानाचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. विचारलं तर उत्तर मिळालं, "शेठच्या मुलाचं खातं आहे ताई, एकच आहे की सगळं." पावती म्हणून हातात आला तो 'इस्टिमेट' लिहिलेला कागद. त्यावर ना जीएसटी नंबर, ना मशीनचा सिरीयल नंबर. पक्कं बिल मागितलं तर म्हणाले, "आज गर्दी बघताय नव्हं? बिल डिलिव्हरीबरोबर येतंय." टेम्पोबरोबर आलं ते नुसतं चलन, म्हणजे माल पोचवल्याची चिठ्ठी.

मशीन जोडायला कंपनीचा माणूस आलाच नाही. दुकानातला पोरगा म्हणाला, "कंपनीचा माणूस यायला आठ दिवस लागतील काकू, मीच जोडून देतो आत्ता." आईला त्यात मदतच वाटली. जाताना त्याने खोका आणि थर्माकोलही उचलून नेलं. "कचरा कशाला ठेवताय घरात, मी नेतो." या दोन गोष्टी मी मुद्दाम लिहिते आहे, कारण सगळा डाव या दोन गोष्टींवरच उभा होता. कंपनीचा माणूस आला असता तर त्याने पहिल्याच दिवशी सिरीयल नंबर नोंदवला असता आणि तिथेच बिंग फुटलं असतं. आणि खोका घरी राहिला असता तर पुढे दुकानदाराला "खोका आणा, मग बघू" असं म्हणता आलं नसतं.

पहिल्या आठवड्यातच पिळताना मशीन थडथडायला लागली, जागची सरकायला लागली. मग मधेच बंद पडून एरर दाखवू लागली, खालून पाणी येऊ लागलं. दुकानात फोन केला की दरवेळी नवं कारण. कपडे जास्त भरताय. फरशी समपातळीत नाही. बोअरचं पाणी जड आहे. दोष आमचाच, मशीनचा कधीच नाही. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "सोमवारी माणूस पाठवतो." कितीतरी सोमवार गेले. पक्कं बिलही असंच मागून मागून दिवाळीच्या तोंडावर मिळालं. त्यावर लाल शाईचा रबरी शिक्का होता: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. वॉरंटी कंपनीची. सर्व वाद सांगली न्यायकक्षेत.

शेवटी दुकानाला बाजूला ठेवून मशीनवर छापलेल्या कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली. तंत्रज्ञ आला तेव्हा मी मुद्दाम रजा घेऊन तासगावला गेले होते. त्याने आधी आतली लिंटची, म्हणजे कपड्यांचा भुसा अडवणारी, जाळी काढली. तिच्यात राखाडी भुसा घट्ट बसला होता आणि भुश्यात लाल लोकरीचे धागे गुंतले होते. आई लगेच म्हणाली, "आमच्यात लाल लोकरीचं काहीच नाही." मग त्याने ड्रेन पाइप काढून आत बॅटरी मारली. आत साबणाचा पांढरा, चिवट थर होता, बोटाने खरवडला तर पापुद्रे निघाले. मागच्या पत्र्याच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या, म्हणजे तो पत्रा कधीतरी उघडला गेला होता. सगळ्यात शेवटी त्याने सिरीयल नंबर मोबाईलमध्ये टाकला आणि जरा वेळ काही बोललाच नाही. मशीनची वॉरंटी जूनमध्येच सुरू झाली होती. नाव दुसऱ्याच कुणाचं, आणि त्या नावावर दुरुस्तीच्या तक्रारीसुद्धा नोंदलेल्या.

त्या मुलाचे आभार मानावेत तेवढे थोडे. त्याला म्हटलं, हे जे दिसतंय ते तुझ्या जॉबशीटवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून दे. तो थोडा बिचकला, पण त्याने लिहिलं: सिरीयल नंबर आधीच नोंदलेला, वॉरंटी सुरू झाल्याची तारीख अमुक, मशीन वापरलेली आढळली. खाली सही. पुढच्या सगळ्या भांडणात तोच कागद आमच्या उपयोगी पडला. तोंडी कबुली कुणाची टिकत नाही, म्हणून तंत्रज्ञ काहीही म्हणाला तरी ते त्याच्या हातून कागदावर घ्या आणि फोटो काढून ठेवा.

दुकानात गेलो तेव्हा शेठ आधी म्हणाले कंपनीच्या सिस्टीममध्ये चुका होतात. जॉबशीट पुढे ठेवली तर म्हणाले, डिस्प्लेचा पीस असेल, पोरांच्या हातून चुकून गेला असेल. लाल धाग्यांचं काय म्हटलं तर बिलावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "वाचा की ताई. माल परत घेत नाही, लिहिलंय." आणि वर, "कंपनीशी बोला, आमचा यात काय संबंध?" अण्णा बरोबर होते. आयुष्यात कधी कुणाशी आवाज चढवून न बोललेला माणूस तिथे चार गिऱ्हाइकांसमोर खाली मान घालून उभा होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या शिक्क्याबद्दल आता नीट सांगते, कारण तो बघूनच निम्मे लोक माघारी फिरतात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा 2020 च्या जुलैपासून लागू आहे. त्याच्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलंय. जुना, वापरलेला किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं, हे त्यात स्पष्ट शब्दांत आहे. विकलेल्या मालाचं बिल न देणं हेही आहे. आणि सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हेही. बिलात त्यासाठी मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, मुदतच लिहिली नसेल तर 30 दिवसांत. म्हणजे माल खराब निघाला तर "परत घेणार नाही" या शिक्क्याने दुकानदाराची सुटका होत नाही. कंपनीची वॉरंटी आहे म्हणून विकणारा मोकळा, असंही नाही. तक्रार दोघांवर करता येते आणि करावी. 'सांगली न्यायकक्षा' हा शिक्कासुद्धा तक्रारदाराला अडवत नाही. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला तो जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची मुभा दिलीय. आमचं तासगाव सांगली जिल्ह्यातच, म्हणून आम्हाला फरक पडला नाही. पण सांगलीत खरेदी करून कराडला किंवा जतच्या पलीकडे विजापूरला राहणाऱ्याला पडतो.

"सोमवारी माणूस पाठवतो" चा अर्थ मला इथे कळला. महिना उलटू द्यायचा, मग गिऱ्हाईक आपोआप थकतं आणि मुदत संपली असं सांगता येतं. महिना उलटला म्हणजे हक्क गेला असं मात्र नाही. आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. पण पहिल्या महिन्यात एक तरी लेखी तक्रार, मेलने किंवा किमान व्हॉट्सॲपवर, तारखेसह गेलेली हवी. नुसत्या फोनवरच्या बोलण्याचा पुढे काही पुरावा उरत नाही.

मग शेठनी तडजोड पुढे केली. 20 टक्के कापून क्रेडिट नोट, महिनाअखेरपर्यंत त्याच दुकानातून दुसरं काहीतरी घ्यायचं. पुष्कळ लोक इथेच हो म्हणतात, काहीतरी सुटलं म्हणून. पण सदोष माल परत करताना पैसे परत मिळणं हा हक्क आहे. कापून घेणारे ते कोण? वापरलेली मशीन विकायची आणि 'वापराचे पैसे' आमच्याकडूनच कापायचे, हा हिशेब ऐकून अण्णासुद्धा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "आमचे पैसे नवे होते, मशीन जुनी होती."

इथे दुकानदारांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझं म्हणणं एकांगी होईल. वस्तू चांगली आहे पण मन बदललं, रंग आवडला नाही, माप चुकलं, घरच्यांना पसंत पडली नाही, अशा वेळी दुकानात जाऊन घेतलेला माल परत घ्यायचं बंधन कायद्याने दुकानदारावर घातलेलं नाही. ते त्याच्या धोरणावर आणि त्याच्या माणुसकीवर आहे. कापड पेठेतले कितीतरी जुने व्यापारी साडी आठवड्यात बदलून देतात. फक्त फॉल-पिको झालेलं नको, घडी मोडून नेसलेली नको, बिल हवं. हे रास्तच आहे. म्हणून घेतानाच विचारायचं: बदलून मिळेल का, किती दिवसांत, पैसे मिळतील की त्या किमतीचा दुसरा माल? आणि जे उत्तर मिळेल ते बिलाच्या पाठीमागे लिहून घ्यायचं. प्रामाणिक दुकानदार दोन ओळी लिहून द्यायला कचरत नाही. ऑनलाइन खरेदीला मात्र 2020 चे ई-कॉमर्सचे वेगळे नियम आहेत. वस्तू सदोष, बनावट किंवा दाखवली त्यापेक्षा वेगळी निघाली तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही.

आम्ही पुढे काय केलं? ग्राहक पंचायतीत काम केलेल्या एका ओळखीच्या काकांकडे कागद घेऊन गेले. त्यांनी आधी सगळं तारीखवार लावायला लावलं: इस्टिमेट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चलन, बिल, जॉबशीट, मशीनचे फोटो. यूपीआयवर दुकानाचं नाव नव्हतं, पण रक्कम आणि तारीख इस्टिमेटशी जुळत होती, ते पुरेसं ठरलं. रोखीने दिले असते तर तेही हातात नसतं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन न्यायालय नव्हे, ती कंपनीशी बोलून मध्यस्थी करते, पण तक्रारीला नंबर मिळतो आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. सोबत दुकानाला आणि कंपनीला, दोघांना, स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. वकील केला नाही, काकांनीच मजकूर सांगितला. 15 दिवसांत 18,500 रुपये परत न दिल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, एवढाच साधा मजकूर, कलमाच्या उल्लेखासह.

लोकांना आयोगाची भीती वाटते ती खर्चाची. पण दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, आणि वकील लावणं सक्तीचं नाही, स्वतः बाजू मांडता येते. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. वेळ जातो हे खरं, आणि तो जातो हे दुकानदारालाही पक्कं ठाऊक असतं.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. कंपनीकडून दुकानाला विचारणा झाली, कारण परत आलेली मशीन कंपनीकडे न पाठवता विकली हे त्यांच्याही हिशेबात बसत नव्हतं. नंतर शेठचा स्वतःहून फोन आला, आवाज एकदम मऊ. पूर्ण पैसे देतो, पण आधी 'माझी कोणतीही तक्रार नाही' अशा कागदावर सही करा. मी सांगितलं, पैसे खात्यात दिसल्यावर मशीन न्या, सही त्यानंतर. दोन दिवस तणातणी झाली, मग पैसे आले. सही करताना कागदावर मशीनचा सिरीयल नंबर आणि 'वापरलेली मशीन परत दिली' हे शब्द मी घालून घेतले. त्याला ते अजिबात आवडलं नाही.

मशीन टेम्पोत चढल्यावर मी तिचे फोटो आणि सिरीयल नंबर कंपनीच्या तक्रार विभागाला मेलने कळवले, ही मशीन आता दुकानाकडे परत गेली आहे आणि ती पुन्हा नवी म्हणून विकली जाऊ नये, म्हणून. पोच आली आहे. सांगली-मिरजेकडे दसऱ्याला किंवा दिवाळीला कुणी मोठी वस्तू घेतली असेल आणि जोडायला कंपनीचा माणूस आला नसेल, तर कंपनीच्या नंबरवर फोन करून आपला सिरीयल नंबर सांगा आणि वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू आहे एवढं विचारा. तारीख खरेदीच्या आधीची निघाली तर त्याच दिवशी दुकानाला आणि कंपनीला लेखी कळवा, आणि खोका अजून घरात असेल तर तो कुणालाही देऊ नका.