स्कॉर्पिओचा ‘टक्क’ आवाज आणि उद्यमनगरातील एक शाफ्टचे वर्कशॉप

माझ्याकडे २०१० सालची, एमहॉक इंजिनाची, मागील चाकांवर चालणारी स्कॉर्पिओ आहे आणि गेली दोन वर्षे तिच्या पोटातून एक ‘टक्क’ असा आवाज येत होता. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ज्या वर्कशॉपने तो काढला, त्याविषयी हे लिहीत आहे. वर्कशॉपचे नाव देत नाही. तिथे तिघेच जण काम करतात आणि ‘गर्दी करू नका, झेपत नाही’ असे तिथल्या मिस्त्रींनी स्वतःच सांगितले आहे. तरी शाफ्टचे (गिअरबॉक्सचा जोर मागच्या ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या नळीचे) काम करणारी दुकाने त्या भागात विचारत गेल्यास सापडतात.

आवाजाचे वर्णन आधी नेमके करायला हवे, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की एक टक्क. रिव्हर्समधून पहिल्यात आले की त्याहून मोठा. आणि वीस-तीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की प्रत्येक वेळी एक. मी मात्र पहिल्या गॅरेजमध्ये ‘मागून आवाज येतो’ एवढेच सांगितले. तिथे आधी मागचे शॉकॲब्सॉर्बर बदलले गेले, मग सस्पेन्शनच्या लिंकचे रबरी बुश बदलले गेले, आणि आवाज जसाच्या तसा राहिल्यावर ‘डिफरन्शियल गेले, क्राउन-पिनियनचा सेट घालावा लागेल’ म्हणून, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली जोर दोन्ही चाकांना वाटणारी दातचक्रे बदलण्यासाठी, अठ्ठावीस हजारांचा अंदाज हातात ठेवला गेला. त्या संपूर्ण काळात गाडीखाली कोणी शाफ्ट हाताने फिरवून पाहिला असेल, असे मला वाटत नाही.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी आधी गाडीला हातच लावला नाही. ‘आधी ऐकूया, मग खोलूया,’ म्हणून ते मागच्या सीटवर बसले आणि मला दोन स्पीडब्रेकर व एक चढ असलेल्या रस्त्यावर गाडी चालवायला लावली. स्पीडब्रेकरवर काहीच वाजले नाही. खड्ड्यात वाजत नाही पण जोर बदलला की वाजते, म्हणजे दोष सस्पेन्शनमध्ये नसून इंजिनापासून चाकापर्यंत जोर पोहोचवणाऱ्या साखळीत आहे, हा निष्कर्ष त्यांनी तिथेच काढला. माझे शॉकॲब्सॉर्बरचे पैसे ज्या प्रश्नाने वाचले असते, तो विचारायला दहा मिनिटे पुरेशी होती.

त्यानंतर गाडी वर्कशॉपमधल्या, खालून तपासायच्या खड्ड्यावर घेतली, पुढच्या चाकांना लाकडी ओंडके लावले, गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागत असल्याने चाके जागेवर धरलेली राहतात आणि शाफ्ट हाताने पिळला की डिफरन्शियलच्या फ्लँजची (शाफ्ट जिला बोल्टने जोडलेला असतो त्या तबकडीची) जी काही हालचाल होते, ती आतल्या दातांमधली आणि ॲक्सलच्या स्प्लाइनमधली (एकमेकांत बसणाऱ्या लांब दात्यांमधली) मोकळीक असते. मिस्त्रींनी फ्लँजवर आणि हाउसिंगवर खडूने एक सरळ रेघ ओढली, शाफ्ट डावीकडे-उजवीकडे पिळला आणि रेघेतले अंतर स्टीलच्या पट्टीने मोजले : साधारण चार मिलिमीटर. एवढ्या जुन्या गाडीला हे त्यांना स्वाभाविक वाटले. मग त्यांनी फ्लँज एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने शाफ्ट पिळला, आणि जिथे अजिबात हालचाल दिसायला नको, त्या मागच्या क्रॉसच्या (शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या, चार दांड्यांच्या सांध्याच्या) टोपीपाशी योक, म्हणजे क्रॉस धरणारा काटा, थरथरल्यासारखा हलला. टोपीच्या कडेभोवती तांबूस पूड जमली होती. ग्रीस संपून टोपीतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या घासू लागल्या की लोखंडाची अशी पूड बाहेर येते, आणि हातात टॉर्च असेल तर ती कोणालाही दिसते.

इतक्या लहान मोकळिकीचा एवढा मोठा आवाज का होतो, हा प्रश्न मलाही पडला होता. या इंजिनाचा २९० न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पहिल्या गिअरमध्ये तिपटीहून अधिक होऊन शाफ्टवर येतो. जोराची दिशा बदलली की क्रॉस, स्प्लाइन आणि डिफरन्शियल या सर्व ठिकाणच्या फटी एकापाठोपाठ भरतात आणि शेवटची फट भरली जाते ती हातोडा बसावा तशी. शाफ्टची पोकळ नळी तो आवाज घुमवते, म्हणून तो नेमका कुठून आला हे सीटवर बसून कळत नाही.

शाफ्ट उतरवण्यापूर्वी त्यांनी फ्लँजवर आणि स्लायडिंगच्या (शाफ्टच्या आत-बाहेर सरकणाऱ्या स्प्लाइनच्या जोडाच्या) दोन्ही भागांवर छिन्नीने खुणा केल्या. हे काम दिसायला क्षुल्लक आहे. क्रॉसचा एक सांधा कोनात फिरताना दर फेऱ्यात दोनदा वेगाने थोडा पुढे-मागे होतो आणि दुसऱ्या टोकाचा सांधा तो फरक भरून काढतो. त्यासाठी दोन्ही योक एका रेषेत असावे लागतात. स्प्लाइन एखाद्या दातानेही सरकून बसली, तर टक्क आवाज जाऊन त्याच्या जागी साठच्या वेगाला थरथर हजर होते.

मागचा क्रॉस बाहेर आला तेव्हा त्याच्या चारपैकी दोन दांड्यांवर सुयांनी खोल चऱ्या पाडलेल्या होत्या. नख फिरवले तर फणीच्या दातांवरून फिरवल्यासारखे लागत होते. ग्रीस भरायचे निपल मातीने बुजलेले होते. दोष अर्थात माझा. कोकणातून आलो की दर पावसाळ्यात गाडी खालून जोरदार पाण्याने धुऊन घ्यायचो, पण त्यानंतर ग्रीसगन लावून घ्यायला हवी, हे मनातही यायचे नाही. पुढचा क्रॉस त्यामानाने बरा होता, तरी दोन्ही एकदमच बदलले.

नवा क्रॉस बसवताना चौथ्या टोपीची सर्क्लिप (टोपी अडवून ठेवणारी कडी) खाचेत बसेना. धाकट्या कारागिराने हातोडी उचलली, तेव्हा मिस्त्रींनी त्याचा हात धरला, टोपी पुन्हा बाहेर काढली आणि तळाशी आडवी पडलेली एक सुई चिमट्याने उचलून दाखवली. ती तशीच ठोकली असती तर क्लिप कदाचित बसलीही असती आणि महिनाभरात सांधा गेला असता. मला या वर्कशॉपचे कौतुक वाटते ते या एका सुईसाठी.

नंतर शाफ्ट बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवला आणि नळीला पत्र्याच्या दोन छोट्या चकत्या वेल्ड केल्या. ताशी ऐंशीच्या वेगाला हा शाफ्ट मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे घेतो, त्यामुळे हे काम टाळण्यासारखे नाही, पण अनेक ठिकाणी ते विचारल्याशिवाय करत नाहीत. शेवटी बॉनेट उघडून, हँडब्रेकवर क्लच किंचित सोडत एकदा पहिला आणि एकदा रिव्हर्स गिअर टाकून पाहिला, तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स वाजवीपेक्षा जास्त उचलले जात होते. गिअरबॉक्सच्या फाउंडेशनचे (तो ज्यावर टेकतो त्या आधाराचे) रबर चिरलेले निघाले, तेही बदलले.

एकूण खर्च पाच हजार चारशे रुपये आला, त्यात दोन क्रॉस, फाउंडेशन, बॅलन्सिंग आणि मजुरी सगळे धरले आहे. तक्रारीही आहेत. सकाळी नऊला बोलावून काम साडेअकराला सुरू झाले, बसायला एक मोडका बाक आहे, आणि पक्के बिल मागितल्यावर मिस्त्री थोडे नाराज झाले. मिळाले ते वहीच्या पानावर, शिक्क्याविना. वॉरंटीची भाषा तिथे चालत नाही. ज्यांना स्वच्छ प्रतीक्षाकक्ष आणि मोबाइलवर येणारे निरोप हवेत, त्यांची तिथे चिडचिड होईल.

आवाज शंभर टक्के गेला का? नाही. रिव्हर्समधून पहिल्यात आल्यावर अगदी बारीक टिक अजून ऐकू येते. ती डिफरन्शियलमधल्या त्या चार मिलिमीटरची आहे, हे त्यांनी काम सुरू करण्याआधीच सांगितले होते. ‘ह्यात आता हात घालायचा न्हाई साहेब. ऑइल बदला, आणि गुरगुर सुरू झाली तरच या,’ असे म्हणून त्यांनी अठ्ठावीस हजारांचे काम नाकारले. ऑइल बदलताना प्लगच्या चुंबकावर बारीक काळा लगदा होता, तुकडे नव्हते.

त्यानंतर आंबोलीमार्गे सावंतवाडीच्या दोन फेऱ्या झाल्या. घाटात दुसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर सोडा, दाबा, गाडी मुकाट चालते. दर पाच हजार किलोमीटरला आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर टोप्यांच्या चारही कडांतून नवे ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत पंप मारा, असे सांगितले आहे. गेल्या रविवारी मी स्वतः खाली शिरून ते केले. तीन कडांतून लगेच आले, चौथीसाठी शाफ्ट अर्धा फिरवावा लागला. फ्लँजवरची खडूची रेघ पुसट झाली होती, ती पुन्हा ओढून अंतर मोजले. चारच मिलिमीटर आहे.