गोदावरीचा त्रिभुज प्रदेश मोजायला गुगल अर्थ इंजिन: साधन उत्तम, पण आकडा तपासून घ्या

त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी धवलेश्वरमच्या बंधाऱ्याखाली गौतमी आणि वसिष्ठा अशा मुख्य फाट्यांनी समुद्राकडे जाते. जायकवाडीपासून खालच्या धरणांत गाळ अडकत गेला, तसा या मुखाशी किनारा कुठे झिजला आणि कुठे पुढे सरकला, हे तपासायला गुगल अर्थ इंजिनइतकं (उपग्रह-चित्रांवर ऑनलाइन हिशेब करू देणारी गुगलची सेवा) सोयीचं साधन आज क्वचितच सापडेल. बिगर-व्यावसायिक वापराला ते मोफत आहे, क्लाउड प्रोजेक्टची नोंदणी मात्र लागते. १९८४ पासूनची लँडसॅट उपग्रहांची चित्रं (एक पिक्सेल ३० मीटरचा) आणि २०१५ नंतरची सेंटिनेल-२ उपग्रहांची (१० मीटरचा), एकही फाइल न उतरवता वापरता येतात.

पावसाळ्यात ढगांमुळे हाती काही लागत नाही, म्हणून जानेवारी ते मार्चची चित्रं घ्या. ढग आणि त्यांच्या सावल्या लँडसॅटच्या क्यूए-पिक्सेल पट्ट्यावरून (कुठल्या पिक्सेलवर ढग किंवा सावली आहे ते सांगणारा थर) काढून टाका. पाण्यासाठी एमएनडीडब्ल्यूआय वापरा, म्हणजे हिरव्या आणि लघु-अवरक्त प्रकाशपट्ट्यांच्या (बँड) फरकाला त्यांच्या बेरजेने भागून पाणी ओळखणारा निर्देशांक: लँडसॅट-८ ला पट्टा ३ आणि ६, लँडसॅट-५ ला २ आणि ५. इथे पट्ट्यांची अदलाबदल फार होते.

याहून छुपी चूक मोजमापाची. लँडसॅटच्या कलेक्शन-२ या चित्रसंचातल्या पृष्ठभाग-परावर्तनाच्या (जमीन-पाण्यावरून परत आलेला प्रकाश) पिक्सेल-किमतीला ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा करावं लागतं. निर्देशांक हे गुणोत्तर असल्यामुळे गुणक कटून जातो, वजाबाकी कटत नाही. ती विसरली की पाण्यावरच निर्देशांक सर्वांत जास्त बिघडतो. उलट ती केली की पाण्यावर काही किमती ऋण होतात, आणि अर्थ इंजिनमधलं हा निर्देशांक काढणारं तयार नॉर्मलाइज्ड-डिफरन्स फंक्शन असे पिक्सेल गाळून टाकतं. समुद्रात भोकं दिसली तर कारण हेच. त्याऐवजी सूत्र एक्स्प्रेशन फंक्शनमध्ये हाताने लिहा.

भरती-ओहोटी ही खरी अडचण. उपग्रह सकाळी ठरावीक वेळी येतो, भरतीची वेळ रोज सरकते. २०० मीटरला १ मीटर उताराच्या चिखलपट्टीवर पाणी १ मीटर चढलं की किनारारेषा २०० मीटर, म्हणजे जवळपास ७ पिक्सेल, आत येते. जमीन तसूभरही न झिजता नकाशा झीज दाखवतो. तीन महिन्यांचा मध्यक काढून हे मिटत नाही, कारण त्यात सगळ्या पातळ्या मिसळतात. काकीनाड्याच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी प्रत्येक चित्राची वेळ जुळवून, जवळपास सारख्या पातळीचीच चित्रं एकमेकांसमोर ठेवा. वेळखाऊ आहे, पण याशिवाय निघालेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

लँडसॅट-७ च्या ३१ मे २००३ नंतरच्या चित्रांत रिकाम्या रेघा आहेत. टाळता आली तर टाळा. मोठ्या क्षेत्रावर स्क्रीनवरच हिशेब करू गेलात तर वेळेची किंवा मेमरीची मर्यादा आडवी येते. एक्स्पोर्टचा मार्ग घ्या, म्हणजे हिशेब मागे चालू ठेवून निकाल फाइलमध्ये घ्या. क्षेत्रफळासाठी पिक्सेल मोजत बसण्यापेक्षा प्रत्येक पिक्सेलचं क्षेत्रफळ देणारं पिक्सेल-एरिया फंक्शन वापरा.

आणि कोळंबीची तळी! या भागात ती इतकी आहेत की भातशेताचं तळं झालं तरी निर्देशांक 'जमीन बुडाली' म्हणतो. ती हाताने आखून वगळा, आणि समुद्राला जोडलेलं पाणीच हिशेबात घ्या.