लिहायची फीड वेगळी, वाचकांची वेगळी: काही महिने वापरल्यावर

सरळ सांगतो, वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरमधली ही सोय पटली, पण एक गोष्ट अजून खटकते, ती शेवटी.

सोलापूरच्या इतिहासावर आम्ही दोघं लिहितो आणि एक रिटायर्ड गुरुजी शुद्धलेखन बघतात. आधी जिथं ब्लॉग होता तिथं सगळ्याला एकच फीड (लेखांची आपोआप अपडेट होणारी यादी, वाचकांच्या मोबाईलवर जाते ती), ड्राफ्ट पण त्यातच, त्यामुळं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांवरचा लेख 'इथं संदर्भ बघणे' असल्या खुणांसकट लोकांच्या मोबाईलवर पोचला. नवी पेठेतून एकाचा फोन, "अर्धंच टाकलंय की ओ!"

आता वर्डप्रेसवर आहोत. वाचकांच्या फीडमध्ये फक्त पब्लिश झालेलं, सेटिंग नाही बदललं तर शेवटचे १० लेख, लॉगिन वगैरे काही नाही. आमची यादी रेस्ट एपीआयमधून येते (दुसऱ्या प्रोग्रॅमला ब्लॉगवरचा मजकूर घ्यायची-बदलायची वाट), लॉगिन केल्याशिवाय ड्राफ्ट दिसत नाहीत, आणि मजकूर कच्चा मिळतो, म्हणजे सजवून दाखवलेला नाही तर जसा टाईप केला तसा, दुरुस्तीला तोच लागतो.

खरी मजा क्रमात आहे. आम्हाला शेवटी हात लावलेला लेख वर पाहिजे, वाचकाला नवा लेख वर पाहिजे. गुरुजी जुन्या लेखातली एक वेलांटी नीट करतात, आमच्याकडं तो लेख वर येतो, वाचकाकडं जागचा हलत नाही. पण वर्डप्रेसच्या अ‍ॅटम फीडमध्ये (फीडचा एक प्रकार) अपडेटची वेळ तेवढ्यानं पण बदलते आणि फीड वाचायचे काही प्रोग्रॅम तो लेख परत 'न वाचलेला' करून दाखवतात, म्हणून आम्ही लोकांना आरएसएस या दुसऱ्या प्रकारच्या फीडचाच पत्ता देतो, त्यात पब्लिशची तारीख असते. तसं २००७ च्या अ‍ॅटम पब्लिशिंग प्रोटोकॉलमध्येच (लेख टाकायच्या-बदलायच्या ठरलेल्या नियमांत) 'हात लावला ती वेळ' आणि 'सांगण्यासारखा बदल झाला ती वेळ' वेगळ्या ठेवल्यात, डोकं लावलंय बुवा.

अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड (एकेका फोनला किंवा प्रोग्रॅमला द्यायचा वेगळा पासवर्ड, वर्डप्रेस ५.६ व्हर्जनपासून, २०२०) पण कामाचे. गुरुजींनी फोन बदलला तेव्हा जुन्या फोनचा तेवढाच रद्द केला, बाकी कुणाला धक्का नाही.

आता खटकतं ते. दुसऱ्याचा लेख दुरुस्त करायचा तर एडिटरचा रोल द्यावा लागतो आणि एडिटरला पब्लिशचं बटण पण मिळतं. फक्त दुरुस्ती, पब्लिश नाही, असा रोल मुळात नाहीच, त्याला प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा प्रोग्रॅम, लागतो. ते बसवायचंय, पण गड्डा यात्रेचे लेख आधी संपू देत.