ऑर्खोन खोऱ्यातली ग्योकतुर्क टूर: साडेतीन स्टार, पण जा नक्की

मंगोलियात खारखोरिनहून जीपने होशो त्साइदामला, म्हणजे ग्योकतुर्कांच्या (सहाव्या ते आठव्या शतकातलं भटक्या तुर्कांचं साम्राज्य) शिलालेखांच्या जागी, नेऊन आणणारी टूर, गाईड इंग्रजी बोलणारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण गाड्या, कॅम्प, जेवण सगळं छान होतं आणि माझी तक्रार फक्त गोष्ट सांगण्याबद्दल आहे, पण ती मोठी आहे.

आधी चांगलं. खारखोरिनपासून साधारण 45 किमी, रस्ता चक्क डांबरी, तुर्कस्तानने बांधून दिलेला, आणि दोन्ही बाजूंना काही म्हणजे काही नाही, नुसतं गवत. म्युझियम छोटंसंच आहे. कुल तिगिन या ग्योकतुर्क राजपुत्राचा मूळ शिलालेख आता आत ठेवलाय, बाहेर जागेवर दिसते ती प्रतिकृती, हे आधीच माहीत असू द्या नाहीतर बाहेरच फोटो काढून खूश होऊन निघाल. 732 सालचा दगड, सव्वातीन मीटरच्या आसपास उंच, एका अंगाला तांग सम्राटाकडून आलेला चिनी मजकूर आणि बाकी अंगांवर तुर्की, उभ्या ओळींत काटक्यांसारखी टोकदार अक्षरं. जवळ जाऊन बघा, काही ठिकाणी अक्षरं पार झिजलीत आणि काही ठिकाणी अजून धार आहे.

गाईडने उदयाची गोष्ट मस्त रंगवली, मान्य. आशिना हे ग्योकतुर्कांचं राजघराणं आधी अल्ताई डोंगरात रौरानांसाठी (तेव्हा गवताळ प्रदेशावर राज्य करणारे भटके) लोखंड गाळायचं, मग त्यांच्या बुमीनने रौरानांवर उठू पाहणाऱ्या टोळ्यांना परस्पर चोपलं आणि बक्षीस म्हणून त्यांची राजकन्या मागितली, त्यावर रौरानांचा खागान (सम्राट) आनागुई म्हणाला की तू तर माझा लोहार-गुलाम, तुझी हिंमत कशी झाली. बुमीनने मग उत्तर चीनमधल्या पश्चिम वेई राज्याची राजकन्या केली आणि 552 मध्ये आनागुईला असा हरवला की त्याने जीवच दिला. पुढे बुमीनचा भाऊ इस्तमी पश्चिमेला, त्याने इराणच्या खुस्रोशी हातमिळवणी करून मध्य आशियातल्या हेफ्थलांना (श्वेत हूण) संपवलं, आणि मग रेशमावरून त्याच इराणशी बिनसल्यावर मानियाख नावाच्या सोग्दी (समरकंदकडच्या) व्यापाऱ्याला थेट कॉन्स्टँटिनोपलला धाडलं (568). इथपर्यंत दहापैकी दहा.

आणि मग 581 आलं आणि साहेबांनी घड्याळ बघितलं! "नंतर भांडणं झाली, चीनने फोडलं, 603 मध्ये दोन तुकडे", एवढ्यात विषय खल्लास. अहो, तीच तर खरी गोष्ट आहे ना. गादी भावाकडून भावाकडे जायची, बुमीनचे तीन मुलगे एकामागून एक बसले आणि त्यातला शेवटचा तास्पार 581 मध्ये मेल्यावर सगळे चुलतभाऊ एकदम समोरासमोर. तास्पारला आपल्या आधीच्या खागानाचा, म्हणजे भाऊ मुकानचा मुलगा आपा हवा होता, सरदार म्हणाले याची आई हलक्या कुळातली. भाऊबंदकी म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. शेवटी दुसरा चुलतभाऊ इशबारा बसला, पण इतरांनाही खागान म्हणून मान द्यावा लागला, आणि पश्चिमेला इस्तमीचा मुलगा तार्दू तर कुणाचं ऐकतच नव्हता.

त्याच 581 साली चीनमध्ये सुई घराणं आलं आणि त्यांच्याकडे झांगसुन शेंग नावाचा माणूस होता जो आधी तुर्कांच्यात राहून आलेला, कोणाचं कोणाशी पटत नाही ते सगळं त्याला पाठ. त्याच्या सल्ल्याने सुईंनी तार्दूला लांडग्याचं तोंड असलेला ध्वज पाठवला, म्हणजे खरा मान तुमचाच असं गोड बोलून. इशबाराने आपाच्या तळावर हल्ला करून त्याच्या आईला मारलं, आपा पळाला तो सरळ तार्दूकडे. म्हणजे चीनने फोडलं हे अर्धंच खरं, भेग आतली होती, त्यांनी फक्त पाचर मारली.

यातली गंमत म्हणजे हे सगळं त्या समोरच्या दगडावरच लिहिलंय. धाकटे थोरल्यांसारखे निघाले नाहीत, मुलगे बापांसारखे निघाले नाहीत, चिनी लोकांचे गोड शब्द आणि मऊ रेशीम यांना भुललात, असं कुल तिगिनचा थोरला भाऊ बिल्गे खागान आपल्याच लोकांना सुनावतो. गाईड त्या दगडाला टेकायचाच बाकी होता आणि आम्हाला चंगीझ खानच्या गोष्टी सांगत होता, जो पाचशे वर्षांनी आला!

बुक करताना एक सांगून ठेवा, त्सेत्सेर्लेगचा थांबा घ्याच. तिथल्या म्युझियममध्ये बुगुतचा शिलालेख आहे, 580 च्या दशकातला, म्हणजे नेमका फुटीच्या धामधुमीतला, आणि बराचसा सोग्दी भाषेत कारण तेव्हा लिखापढी सोग्दीच करायचे. आमच्या प्लॅनमध्ये नव्हता, विचारल्यावर "एक्स्ट्रा लागेल" म्हणाले. द्या एक्स्ट्रा. हवं तर कॅम्पवरची एक रात्र कमी करा.