राजकीय वक्तव्य आणि परदेशी बाजारपेठ : पाठराखण, शिक्षा की माघार?

एखाद्या कर्मचाऱ्याने, खेळाडूने किंवा भागीदाराने केलेल्या राजकीय विधानामुळे परदेशातील मोठी बाजारपेठ धोक्यात आली, तर व्यवस्थापनापुढे ढोबळमानाने तीन मार्ग असतात. बोलणाऱ्याची पाठराखण करून नुकसान सोसावे, बोलणाऱ्याला शिक्षा करून व्यवसाय वाचवावा, किंवा त्या बाजारपेठेतूनच बाहेर पडावे. कोणता मार्ग नैतिक आहे याचे उत्तर बहुतेकांना आधीच ठाऊक असते. अडचण कोणता मार्ग शेवटपर्यंत निभावता येईल हे ठरवताना येते, आणि त्यासाठी चीनच्या बाजारपेठेतील उदाहरणे सर्वाधिक उपयोगी आहेत.

हाँगकाँगमधील लोकशाहीवादी आंदोलन ऐन भरात असताना, ऑक्टोबर २०१९ मध्ये, अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने दोन अमेरिकी संस्थांपुढे जवळजवळ एकच पेच उभा राहिला. ह्यूस्टन रॉकेट्स या बास्केटबॉल संघाचे महाव्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी आंदोलकांना पाठिंबा देणारा मजकूर ट्विटरवर टाकला आणि थोड्याच वेळात काढून घेतला. पण तेवढ्याने चिनी सरकारी दूरचित्रवाणीने एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने दाखवणे थांबवले आणि चीनच्या बास्केटबॉल संघटनेने रॉकेट्सशी संबंध तोडले. या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष याओ मिंग हे स्वतः रॉकेट्सचेच माजी खेळाडू होते. एनबीएची पहिली प्रतिक्रिया गुळमुळीत होती, आणि चीनमध्ये प्रसिद्ध झालेले तिचे निवेदन इंग्रजी निवेदनापेक्षा अधिक शरणागतीचे होते, त्यामुळे दोन्हीकडचे लोक चिडले. त्यानंतर आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी स्पष्ट केले की कर्मचारी, खेळाडू किंवा संघमालक काय बोलतात यावर लीग नियंत्रण ठेवणार नाही. नुकसान ४० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकेल, असा अंदाज त्यांनी पुढे सांगितला. मोरी यांना मात्र काढण्यात आले नाही.

दुसरी संस्था ब्लिझार्ड ही गेम बनवणारी कंपनी. तिच्या हार्थस्टोन या ऑनलाइन पत्त्यांच्या गेमच्या स्पर्धेतील सामन्यानंतरच्या थेट मुलाखतीत हाँगकाँगचा खेळाडू ‘ब्लिट्झचुंग’ याने आंदोलनाची घोषणा दिली. कंपनीने त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली, बक्षिसाची रक्कम रोखली आणि मुलाखत घेणाऱ्या दोन समालोचकांनाही दूर केले. कंपनीचे काही कर्मचारी निषेधार्थ काम सोडून बाहेर आले, अमेरिकी काँग्रेसमधील दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी टीका केली, आणि काही दिवसांतच बंदी सहा महिन्यांवर आणून बक्षीस परत द्यावे लागले. चीनमधील संबंधांचा या निर्णयावर प्रभाव नव्हता, असे अध्यक्षांनी सांगितले. चिनी कंपनी टेन्सेंटचा मूळ कंपनीत सुमारे पाच टक्के हिस्सा असताना ते अनेकांच्या गळी उतरले नाही.

माझ्या मते ब्लिझार्डची खरी चूक शिक्षा करण्यात नव्हती, तर ज्या नियमाखाली शिक्षा केली त्या नियमात होती. लोकांच्या एखाद्या गटाला दुखावणारे कोणतेही वर्तन कंपनीला आपल्या मर्जीने दंडनीय ठरवता येईल, इतका तो सैल होता. ऑलिम्पिक सनदेतील नियम ५० शी त्याची तुलना करावी. खेळाच्या मैदानावर आणि पदकप्रदान सोहळ्यात राजकीय निदर्शने नकोत, असे तो नियम सांगतो. त्यावर टीका होते आणि ती अनाठायी नाही. पण तो नियम विशिष्ट जागेपुरता आहे, विषय कोणताही असला तरी लागू होतो आणि घटनेच्या आधीपासून लिहिलेला आहे. व्यासपीठावर मौन हवे असेल तर ते अशाच नियमाने मागावे.

तिसरा मार्ग दिसायला सर्वांत स्वच्छ आहे, पण तो सर्वांना परवडत नाही. मानवी हक्क कार्यकर्त्यांच्या जीमेल खात्यांना लक्ष्य करणारा सायबर हल्ला उघड झाल्यावर गूगलने २०१० मध्ये चीनमधील शोधसेवा सेन्सॉर करणे थांबवले आणि ती हाँगकाँगला वळवली. इतर देशांतील उत्पन्न भक्कम असल्यामुळे हे शक्य झाले. तरीही २०१८ मध्ये चीनसाठी सेन्सॉर केलेल्या शोधसेवेचा गुप्त प्रकल्प उघडकीस आला आणि कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर तो गुंडाळण्यात आला. महिला टेनिस संघटनेचा अनुभव अधिक बोलका आहे. पेंग श्वाई या खेळाडूने माजी उपपंतप्रधानांवर केलेल्या आरोपांची पारदर्शक चौकशी व्हावी, या मागणीसाठी संघटनेने डिसेंबर २०२१ मध्ये चीनमधील स्पर्धा स्थगित केल्या. पुरुषांच्या संघटनेने तसे केले नाही. एप्रिल २०२३ मध्ये, मागण्या पूर्ण झालेल्या नसतानाच, महिला संघटनेने परतण्याची घोषणा केली. माघार घेणाऱ्याने किती हंगाम तोटा सोसता येईल याचा हिशेब जाहीर अट घालण्यापूर्वी करायला हवा. अन्यथा ती अट पुढे आपल्याच गळ्यात पडते.

टिकाऊपणाच्या कसोटीवर एनबीएचा मार्ग मला सरस वाटतो. सरकारी वाहिनीने वर्षभराने एक सामना दाखवला, २०२२ मध्ये प्रक्षेपण नियमित झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनमधील मकाऊ येथे हंगामपूर्व सामनेही झाले. उलट ब्लिझार्डचे बहुतेक गेम जानेवारी २०२३ मध्ये चीनमध्ये बंद पडले. कारण स्थानिक भागीदाराशी करार न होणे हे होते, वक्तव्य नव्हे. मौन पाळले तरी बाजारपेठेची हमी मिळत नाही, एवढे त्यातून नक्कीच दिसते. मात्र एनबीएकडे असे उत्पादन होते, ज्याला चिनी प्रेक्षकांपुढे तोडीस तोड पर्याय नव्हता. ज्याचा माल उद्या स्थानिक स्पर्धक पुरवू शकतो, त्या कंपनीने परतीचे दार इतक्या सहज उघडेल असे धरून चालू नये.

आणखी एक बाब ताळेबंदात दिसत नाही, ती म्हणजे त्या देशातील कर्मचारी. गूगलने २०१० च्या निवेदनात आवर्जून नमूद केले होते की हा निर्णय अमेरिकेतील अधिकाऱ्यांचा आहे आणि चीनमधील सहकाऱ्यांना त्याची माहितीही नव्हती. मुख्यालयातून पाठराखणीचा निर्णय घेणाऱ्यांनी हे संरक्षण आधी उभे करावे आणि निवेदन नंतर काढावे.